गप्प बसलेला मतदार



१८ जानेवारी १९७७च्या रात्री इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या आणि मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक होणार हे देशाला कळलं. आणीबाणीला तेव्हा एकोणिसावा महिना चालू होता. लोकसभेची मुदत दोनदा वाढवून झाली होती. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती कायमचीच पाचावरून सहा वर्षांवर नेली होती. निवडणूक घ्या, असं कुणी म्हटलं असतं तरी ते छापून येण्याची सोय नव्हती. अशा वेळी सरकारने आपणहून निवडणूक जाहीर केली. ही बातमी ऐकून रस्त्यावर पेढे वाटले गेले नाहीत. "यात काहीतरी गोम असणार," ही बहुतेक घरांतली पहिली प्रतिक्रिया होती.

या निवडणुकीचा इतिहास नेत्यांच्या नावांनी सांगितला जातो. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई, जगजीवनराम, तुरुंगातून लढलेले जॉर्ज फर्नांडिस. ते बरोबरच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र वेगळा माणूस आहे. तो तुरुंगात गेला नाही, भूमिगत झाला नाही, त्याने पत्रकं वाटली नाहीत. तो सकाळी डबा घेऊन कामाला जात होता आणि संध्याकाळी घरी येऊन रेडिओ लावत होता. मतदारयादीत अशांची संख्या बत्तीस कोटींच्या घरात होती. या माणसाला कशाची भीती वाटत होती, त्या भीतीसकट त्याने काय केलं आणि तीन वर्षांच्या आत तो आपल्याच विजयाला का विटला, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी भीतीबद्दल. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने अटकेत पडलेल्यांचा आकडा दिला आहे: मिसाखाली, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८. एकूण १,१०,८०६. हा आकडा मोठाच आहे, पण देशाची लोकसंख्या तेव्हा साठ कोटींच्या वर होती. म्हणजे बहुसंख्य माणसांच्या घरासमोर पोलिसांची गाडी कधी थांबली नाही. ओळखीतल्या ओळखीतही कुणी मिसाबंदी नव्हता, अशी असंख्य घरं होती. मग हा धाक आला कुठून?

तो आला काही न कळण्यातून. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी लागली तेव्हा दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. २८ जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच सुमारास 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीत लोकशाहीच्या निधनाची बातमी छोट्या जाहिरातींच्या स्तंभात गुपचूप छापून गेली. मग कोरी जागा सोडायलाही बंदी आली. त्यानंतर वर्तमानपत्र रोज येत राहिलं, भरलेलं येत राहिलं, आणि वाचणाऱ्याला त्यातलं काय खरं हे ओळखता येईना. बातमी बंद झाली की अफवेला भाव येतो. कुणाला उचललं, कुठे गोळीबार झाला, कोण गेलं, हे सगळं कुजबुजीत. आणि ज्याच्याशी कुजबुजायचं तो आपलाच असेल याची खात्री नाही. शेजारी काय विचार करतो हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे आपल्यासारखं वाटणारे आपण एकटेच, असा प्रत्येकाचा समज झाला होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. सुरुवातीला पुष्कळांना आणीबाणी बरी वाटली. गाड्या वेळेवर, कारकून दहाच्या ठोक्याला टेबलावर, संप नाहीत, मोर्चे नाहीत आणि १९७४मध्ये आकाशाला भिडलेले भावही खाली आलेले. पवनारहून विनोबांचे 'अनुशासनपर्व' हे शब्द आले आणि सरकारने ते भिंतीभिंतीवर रंगवले. महाराष्ट्रात शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी आणीबाणीचं समर्थन केलं. नामदेव ढसाळांसारखा बंडखोर कवीही इंदिराजींच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे गप्प बसणाऱ्यांत घाबरलेले होते तसे समाधानी होते, आणि अर्धे घाबरलेले अर्धे समाधानी असेही होते.

समाधान ओसरलं ते खिशापासून. किमान बोनस ८.३३ टक्क्यांचा ४ टक्के झाला. महागाई भत्त्यातल्या वाढीचा निम्मा हिस्सा सक्तीच्या ठेवीत कापला जात होताच. गिरणगावात यावर बोलायचं तर संपाची तोंडं बांधलेली. आणि मग १९७६ साल उजाडलं ते नसबंदी घेऊन.

नसबंदीची गोष्ट उत्तर भारताची म्हणून सांगितली जाते. तुर्कमान गेट, मुझफ्फरनगरचा गोळीबार, हरियाणातलं उटावर ही नावं त्यात येतात. महाराष्ट्र त्यातून सुटला नव्हता. १९७६च्या जानेवारीत बार्शीत शस्त्रक्रियांचं उद्दिष्ट पुरं करण्यासाठी बाजाराला आलेल्या माणसांना गाड्यांत घालून नेलं गेलं. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. देशभरात १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आदल्या वर्षी तो आकडा सव्वीस लाखांच्या आसपास होता.

या आकड्याखाली एक माणूस सापडतो: प्राथमिक शिक्षक. 'केस' हा शब्द त्या वर्षी शाळेच्या ओट्यावर आला. गुरुजींनी इतक्या केसेस आणायच्या, नाहीतर पगार अडेल, बदली होईल. ज्या गुरुजींच्या शब्दावर गाव विश्वास ठेवत होतं तेच वही घेऊन दारात आले की माणसं मागच्या दाराने शेतात पळू लागली. सरकार आणि नागरिक यांच्यामध्ये खेड्यात जे दोन-तीन चेहरे असतात, त्यातला सर्वांत आपुलकीचा चेहरा अशा रीतीने भीतीचा झाला. शिक्षकालाही वरच्याची भीती होतीच. एकाची भीती दुसऱ्याच्या दारात नेऊन पोचवण्याची ही व्यवस्था होती.

न्यायालयाचं दार तरी उघडं आहे, असं ज्यांना वाटत होतं त्यांचाही भ्रम २८ एप्रिल १९७६ला फिटला. आणीबाणी असली तरी बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येते, असं देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ त्यांत होतं. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवलं. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात एकटे हंसराज खन्ना. निवडणूक जाहीर झाल्यावर दहा-अकरा दिवसांत खन्नांची ज्येष्ठता डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. मोकळ्या निवडणुकीची हमी देणारं सरकार त्याच महिन्यात हे करत होतं. मग संशय घेणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

अर्थात महाराष्ट्रात सगळेच गप्प नव्हते. १९७५च्या डिसेंबरात कराडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. यशवंतरावांसमोर, त्यांच्याच गावात, दुर्गाबाई आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि मुंबईत आजारी असलेल्या जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी त्यांनी सभेला उभं केलं. पुढे त्यांना एशियाटिक ग्रंथालयातून अटक झाली. मुंबईत वकिलांनी बंद सभागृहात ठरवलेल्या सभेला पोलिसांनी परवानगी नाकारली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. त्या सभेच्या वक्त्यांमध्ये निवृत्त सरन्यायाधीश जयंतीलाल शहा होते. पुढे आयोगाला नाव मिळालं ते यांचंच. कराडच्या मंडपातली माणसं उभी राहिली तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांना पहिल्यांदाच कळलं की शेजारी बसलेलाही उठतो आहे.

१९७७च्या फेब्रुवारीत हेच देशभर घडलं. निवडणुकीमुळे सेन्सॉरशिप सैल झाली, सभांना परवानगी मिळाली. आणीबाणी मात्र उठलेली नव्हती, मिसा जागेवर होता आणि पुष्कळ बंदी अजून आतच होते. जनता पक्ष म्हणजे संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी या चार पक्षांची घाईघाईने बांधलेली मोट. झेंडा नवा, पैसा नाही, निशाणीही लोकदलाकडून घेतलेली: चक्रातला नांगरधारी शेतकरी. समोर काँग्रेसचं गाय-वासरू. २ फेब्रुवारीला जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले आणि वाऱ्याची दिशा पहिल्यांदा दिसली. ६ तारखेला दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती. त्या संध्याकाळी दूरदर्शनने 'बॉबी' हा गाजलेला सिनेमा लावला, तरी मैदान भरलं.

सभेला जाण्यात धोका होता. कोण आलं होतं याची टिपणं साध्या वेशातले पोलीस घेत असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी माणसं जाऊ लागली. आधी कडेला, झाडाखाली, पानाच्या ठेल्याशी, जणू सहज थांबलोय. मग हळूहळू मैदानात. महाराष्ट्रात त्या सभांना पु. ल. देशपांडे बोलत होते, दुर्गाबाई बोलत होत्या. राजकारणाशी ज्यांचा संबंध नाही असे लोक व्यासपीठावर दिसणं याचा एक वेगळाच परिणाम होता. पु.लं.च्या विनोदावर हजारो माणसं एकदम हसली की प्रत्येकाला बाकीच्यांचं मत आपोआप कळत होतं. त्यासाठी कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. सरकारने दीड वर्ष जे दडवून ठेवलं होतं ते एका हशात उघड होत होतं.

पण मैदानात हसणं वेगळं आणि मतदान वेगळं. मत खरंच गुप्त राहतं का? ही शंका नुसती खेडवळ नव्हती. १९७१च्या निवडणुकीनंतर जनसंघाचे बलराज मधोक यांनी मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केली होती, अदृश्य शाईने शिक्के आपोआप उमटले, असा आरोप केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यात काही निघालं नाही, पण ऐकलेलं लोकांच्या मनातून जात नाही. त्यात मतदानकेंद्रातली रीतच अशी, की घाबरलेल्याची भीती वाढावी. पहिला अधिकारी यादीतलं नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचतो. उमेदवारांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करतात. डाव्या तर्जनीला शाई लागते. तेव्हा मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर सही किंवा अंगठा घेत, आणि स्थळप्रतीवर जो क्रमांक तोच मतपत्रिकेवर असे. दोन्ही जुळवून पाहिले तर? स्थळप्रतींची पाकिटं मोहोरबंद होत आणि न्यायालयाच्या हुकमाशिवाय उघडत नसत, असा नियम होता. पण नियमांवर भरवसा ठेवण्याचे ते दिवस नव्हते. आणि टेबलामागे निवडणूक ड्युटीवर बसलेले असत ते प्राथमिक शाळेचे गुरुजी. गेल्या वर्षी वही घेऊन दारात आलेले तेच, किंवा त्यांच्यासारखेच दुसरे.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन शिक्का मारायचा, शाई दुसऱ्या निशाणीवर उमटू नये म्हणून कागद आधी उभा आणि मग आडवा दुमडायचा, पेटीत टाकायचा. एवढं करून माणूस बाहेर आला की दारातल्या कार्यकर्त्याने विचारलं, "काय, आपल्यालाच ना?" त्यावर तो म्हणाला, "तर! तुम्हालाच." सगळ्याच पक्षांच्या कार्यकर्त्यांना तो हेच सांगत होता. १६ ते २० मार्च या पाच दिवसांत मतदारांपैकी ६०.४९ टक्के लोकांनी मतदान केलं आणि मनातलं कुणाला सांगितलं नाही.

२० मार्चला मोजणी सुरू झाली. आकाशवाणीला रायबरेलीचा निकाल सांगायला जड जात होतं. माणसं वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांसमोर फलकांकडे डोळे लावून उभी होती. राजनारायण तिथे इंदिरा गांधींविरुद्ध ५५,२०२ मतांनी जिंकले. अमेठीत संजय गांधी पडले. उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. देशात काँग्रेस १५४वर आली. २१ मार्चला आणीबाणी उठली. इंदिरा गांधींनी निवडणूक का घेतली याची अनेक कारणं सांगितली जातात, पण जिंकण्याची खात्री नसती तर त्यांनी ती घेतली नसती, यावर बहुतेकांचं एकमत आहे. ती खात्री त्यांना मतदाराच्या गप्प राहण्यातून मिळाली होती. सेन्सॉरने जनतेचे कान बंद केले होते तसे सरकारचेही. मौन म्हणजे मान्यता, असं सरकारने धरलं.

महाराष्ट्राचा निकाल मात्र उत्तरेसारखा एकरंगी लागला नाही. ४८पैकी २० जागा काँग्रेसने राखल्या. जनता पक्ष १९, शेतकरी कामगार पक्ष ५, मार्क्सवादी कम्युनिस्ट ३ आणि खोब्रागडे गटाचा रिपब्लिकन पक्ष १. मुंबईतल्या सहाही जागांवर काँग्रेस हरली. जिंकणाऱ्यांत येरवड्याच्या तुरुंगात राहून आलेल्या अहिल्या रांगणेकर होत्या आणि अकोल्याच्या तुरुंगात हाल सोसलेल्या मृणाल गोरे होत्या. "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही मृणालताईंवरची घोषणा तेव्हाचीच. पुण्यात मोहन धारिया आले, राजापुरात मधू दंडवते, आणि मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांच्या नांदेड जिल्ह्यात शेकापचे केशवराव धोंडगे. दुसरीकडे यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले. साखर कारखाना, जिल्हा परिषद, सोसायटी यांच्या मुळांवर उभी असलेली काँग्रेस पश्चिम महाराष्ट्रात उन्मळली नाही. ज्या माणसाचं कर्ज, ऊस आणि पाणी त्या मुळांतून येत होतं, त्याने बार्शीची बातमी ऐकूनही गाय-वासरावरच शिक्का मारला. आंध्रात तर ४२पैकी ४१ जागा काँग्रेसला मिळाल्या. तेव्हा 'देशाने आणीबाणी झिडकारली' हे वाक्य नकाशासमोर ठेवून जरा सांभाळून म्हणावं लागतं.

यानंतरचा भाग भ्रमनिरासाचा. त्याची सुरुवात पहिल्याच दिवशी झाली. २४ मार्चला राजघाटावर जयप्रकाशांनी जनता पक्षाच्या खासदारांना गांधींच्या समाधीपाशी शपथ दिली. त्याच दिवशी मोरारजींचा शपथविधी झाला आणि पंतप्रधानपद हुकलं म्हणून जगजीवनराम तिकडे फिरकलेच नाहीत. पुढची सव्वादोन वर्षं लोकदलाचे चरणसिंग, राजनारायण आणि जनसंघीयांच्या दुहेरी निष्ठेचा (पक्ष की संघ) वाद हेच वर्तमानपत्रांत वाचायला मिळालं. आता वर्तमानपत्रं मोकळी होती, म्हणून तर हे सगळं वाचायला मिळत होतं. नव्या सत्ताधाऱ्यांनी केलेली चूक जुन्यांच्याच जातीची होती. मतं पडली होती नसबंदीविरुद्ध, मिसाविरुद्ध, बोनस कापण्याविरुद्ध. ती आपल्यावरच्या प्रेमापोटी पडली, असं चारही घटकांनी धरलं आणि प्रत्येकाने त्यात आपला वाटा मोजायला घेतला.

परत मिळालेलं स्वातंत्र्यही सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं नाही. १९७८च्या जुलैत महाराष्ट्रात शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार आलं आणि २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नामांतर प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. ज्यांची घरं जळली त्यांना आणीबाणीतली आणि आणीबाणीनंतरची भीती यांतला फरक कुणी समजावून सांगायचा?

१५ जुलै १९७९ला मोरारजींनी राजीनामा दिला. चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान. संसदेला सामोरं न जाताच ऑगस्टमध्ये तेही सरकार पडलं. ८ ऑक्टोबरला जयप्रकाश गेले. त्याआधी मार्चमध्येच त्यांच्या निधनाची खोटी बातमी येऊन लोकसभेने त्यांना श्रद्धांजली वाहिली होती. कांद्याच्या भावाने त्या हिवाळ्यात प्रचाराचं काम केलं. जानेवारी १९८०मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परतल्या. महाराष्ट्रात ४८पैकी ३९ त्यांच्या.

'लोक विसरले' असं तेव्हा पुष्कळ सुशिक्षितांनी म्हटलं. आकडे वेगळं सांगतात. इंदिरा काँग्रेसला मतं मिळाली ४३ टक्क्यांच्या आत. १९७७मध्ये एकवटलेली विरोधी मतं या वेळी फुटली होती, म्हणून एवढ्या मतांत एवढ्या जागा आल्या. आणि मतदान झालं ५६.९२ टक्के. धाक डोक्यावर असताना शंभरातले साठ लोक रांगेत उभे राहिले होते. धाक गेल्यावर सत्तावन्न. हे तीन-चार जण बहुधा आणीबाणी विसरले नव्हते. त्यांना मत देण्याजोगं कुणी उरलं नव्हतं. लाखोंच्या हिशेबात ही संख्या लहान नाही.

भांडकुदळ जनता सरकारच्या नावावर एक काम जमा आहे: १९७८ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती. 'अंतर्गत अशांतता' या सबबीवर आणीबाणी लावण्याची वाट तिने बंद केली. तिथे 'सशस्त्र बंड' हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला बंधनकारक झाला. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही, असं ठरलं. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आली. १९८०मध्ये परतलेल्या सरकारने ही दुरुस्ती मोडीत काढली नाही. १९८८मध्ये पंजाबपुरती तिला बगल देण्यात आली, ती तरतूद पुढच्या सरकारने काढून टाकली. आणि १९७६चा तो चार विरुद्ध एकचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७मध्ये चुकीचा ठरवला. त्या निकालपत्राचे एक लेखक होते धनंजय चंद्रचूड, यशवंतराव चंद्रचूडांचे चिरंजीव. स्थळप्रतीवर अंगठा उठवून "तुम्हालाच" म्हणणाऱ्या त्या मतदाराला यातलं फारसं काही कळवायला कुणी गेलं नाही. जनता पक्षाने त्याच्याकडे मत मागितलं तेव्हा घटनेच्या कुठल्या कलमात काय बदलणार हे त्याला सांगितलं होतं. सत्ता गेल्यावर काय बदललं हे सांगायला मात्र पक्षच एकसंध उरला नव्हता.